बहिणीचा टाक

देवळाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा मंडळाच्या पोरांनी गावाचा इतिहास छापायला घेतला. हडपसरच्या पलीकडचं आमचं गाव आता पुण्यात गेलं आहे. ज्वारीच्या जागी इमारती आहेत आणि गावात गावकरी शोधावा लागतो. मी निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून घराण्यांची माहिती लिहायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांची घराणी बिनचूक लिहिली. आमच्या घराण्यात धाकट्या बहिणीपुढे लिहिलं, 'अविवाहित असताना निधन.'

ती सदाशिव पेठेत राहते.

शहरातल्या कारखान्यातल्या एका परजातीच्या माणसाशी तिने लग्न केलं, तेव्हा वडील म्हणाले, "आपल्याला मेली ती." एवढ्यावर थांबलो असतो, तर चारचौघांच्या घरासारखंच झालं असतं. पण आई उठल्यासुटल्या तिला शोधायला निघायची. तेव्हा मी सुचवलं, कावीळ झाली आणि शहरातच अग्नी दिला असं आईला सांगू. वडिलांना ते पटलं. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं, की चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती ठोकून घेतात आणि तो टाक देव्हाऱ्यात ठेवतात. आईची खात्री पटावी म्हणून बहिणीचा टाक मीच करून आणला. गावाला सगळं ठाऊक होतं. बायका येऊन रडूनही गेल्या. अशा बाबतीत आमच्या गावात एकी होती.

दर दसऱ्याला आई तो टाक चिंचेने घासायची. हळूहळू आकृती झिजत गेली. "लई वाळलीस गं बाई," असं त्याला म्हणायची आणि पुरणाच्या पोळीचा नैवेद्य दाखवायची. मी शेजारीच जेवत असायचो.

आई अंथरुणाला खिळली, तेव्हा बहीण आली. मी तिला फाटकातच अडवलं.

"दादा, बोलत नाही. लांबून नुसती बघते."

"तुला बघून तिचा जीव जाईल."

"तसाही जातोयच ना?"

"तुला इथं सणावाराला नैवेद्य मिळतो," मी म्हणालो. "आणखी काय पाहिजे?"

तिला कळेना. मग मी टाकाचं सांगितलं. सांगताना आवाज चढवला नाही, याचा तेव्हा मला अभिमान वाटला होता. ती फाटकातूनच मागे वळली.

त्याच आठवड्यात आई गेली. बहिणीला कळवायचं का, असं कुणीतरी विचारलं. चुलते म्हणाले, "मेलेल्याला सांगावा कोण धाडतं रं?" तिरडी बांधणारे हसले. मीही हसलो.

परवा पुस्तकाची मुद्रितं तपासायला आली. आमच्या घराण्याचं पान मला पुढे ढकलता येईना. टाक रुमालात गुंडाळला आणि सदाशिव पेठेत गेलो. तिने दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. टाक तळहातावर घेऊन चष्मा सारखा केला.

"नाक कुठंय हिचं?"

"आई घासायची. झिजलं."

ती बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिली. मी म्हणालो, "पुस्तकात दुरुस्त करतो. तू आहेस असं लिहितो."

"कशाला?" तिने टाक माझ्या हातात परत ठेवला. "आईनं जेवायला वाढलं ते हिला. तुझी बहीण हीच. आणि मी जिवंत आहे म्हणून छापलंस, तर लोक विचारतील, आईच्या मयताला का आली नाही? काय सांगशील?"

तिने दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

गावच्या पुस्तकात घराण्याला चार ओळींचीच जागा आहे. पोरांना सांगितलं, आमच्या घराण्याला हे पान जादा द्या. माझी बहीण जिवंत आहे. आईच्या मयताला ती आली नाही, कारण तिला कुणी कळवलं नाही. त्याआधी ती आली होती. फाटकात मी उभा होतो.