दादांच्या नावावर चालणारा प्रोग्रॅम

आमच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरचं काम आधी दादा बघायचे. लग्नानंतर त्यांची बायकोही इथेच नोकरीला लागली, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. दादा गेले. रजा संपताच वहिनी कामावर आली आणि खुर्चीत बसून काम करू लागली. रडली नाही, हसलीही नाही. विचारलं की म्हणायची, "बरं चाललंय." मग आम्ही विचारणंच सोडलं. अंग काढून घेण्यात आम्हीही काही कमी नाही.

त्या सोमवारी रिपोर्टची वेबसाइट उघडेना. काउंटरवर माणसं ताटकळत होती. साहेब म्हणाले, सर्व्हर बंद करून चालू करा. त्यांचं सगळ्यांवर हेच औषध. मुळात रविवारी सर्व्हर बंद करून चालू केला तेव्हापासूनच बिघडलं होतं, पण सांगणार कोण? समोरचा सर्व्हर ठीक होता. तो मागे चालणाऱ्या, पायथन भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमकडे काम पाठवतो आणि मागून उत्तरच येत नव्हतं. मी मेमरी वाढवली, उत्तराची वाट बघायची मुदत वाढवली. अक्कल पाजळून झाल्यावर बाजूला झालो.

वहिनीने लॉग, म्हणजे मशीन स्वतः ठेवतं ती नोंद, वाचला. प्रोग्रॅम ज्याच्या खात्यावरून चालायचा, तो माणूस या मशीनवर नाही, असं त्यात लिहिलं होतं. खातं दादांचं. सुरुवातीला घाईत त्यांनी सगळं स्वतःच्याच खात्यात बसवलं होतं, "नंतर नीट करू" म्हणून. गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरवरची सगळ्यांची खाती सांभाळणाऱ्याने नियमाप्रमाणे ते बंद केलं. चालू प्रोग्रॅम तसाच चालत राहिला, आणि रविवारी एकदा थांबला तो पुन्हा उठलाच नाही.

खातीवाल्याचा चेहरा उतरला. "वहिनी, माझं चुकलं. दादांचं खातं परत उघडतो. तुम्हाला कशालाच हात लावायला नको."

"हो, उघडून टाक," मीही म्हणालो. मला मनापासून तेच हवं होतं.

वहिनीने लॉग बंद केला.

"नको," ती म्हणाली. "पुन्हा कुणीतरी बंद करेल."

तिने कुठल्याच माणसाचं नाव नसलेलं नवं खातं काढलं आणि प्रोग्रॅम दादांच्या फोल्डरमधून बाहेर आणला. मग जुनं नाव आणखी कुठे राहिलंय ते शोधायला तिने दादांचं नाव टाइप केलं. ऑफिसात तिने त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती, "अहो" एवढंच. स्क्रीन त्यांच्या नावाने भरून गेली. फाइल कुठे आहे ते सांगणाऱ्या ओळीत, लॉगच्या पत्त्यात, सगळीकडे. एकेक ओळ उघडून ती नाव काढत गेली. कॉम्प्युटरला सगळं एकदम बदलायला सांगता येतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

प्रोग्रॅम चालू झाला. काउंटरवर रिपोर्ट निघू लागले. साहेब दारातूनच "छान" म्हणाले आणि जेवायला गेले.

वहिनीने खात्रीसाठी ते नाव पुन्हा एकदा शोधलं. खाली काहीच आलं नाही.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं." तिचे हात कीबोर्डवरच होते. "मला वाटलं होतं, त्यांचं नाव निदान संध्याकाळपर्यंत पुरेल."