मालकाशी बोलायचं नाही

धरमपेठेतल्या एका बंगल्यासमोरून जाताना मी आजही गाडीचा वेग वाढवतो. त्या बंगल्याची बाथरूमं मी वॉटरप्रूफ केली आहेत. आमचं घराणं उमरेडचं, हातमागवाल्यांचं. माग बंद पडले आणि मी या धंद्यात आलो. इथं आम्हाला पेटी कॉन्ट्रॅक्टर म्हणतात. म्हणजे घर बांधायला घेतो तो मोठा ठेकेदार, आणि त्याच्या हाताखाली प्लंबर, टाइलवाला, रंगवाला आणि मी. प्रत्येकानं यायचं, आपलं काम करायचं, निघून जायचं. आपल्या कामावर नंतर कोण काय करतो, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

पहिल्याच दिवशी ठेकेदारानं मला बजावलं होतं, "पाह्य भाऊ, मालकासंग डायरेक्ट बोलाचं नाही. जे काही असंल ते मले सांगाचं." यात नवीन काही नव्हतं, नागपुरातल्या सगळ्या साइटवर हाच कायदा. मालकाशी बोलणारा पेटीवाला म्हणजे काम पळवणारा. असं नाव एकदा पडलं की दुसरा ठेकेदारही दारात उभं करत नाही. मालक जिन्यात भेटला तर मी नमस्कार करून बाजूला व्हायचो.

वरच्या बाथरूमचं काम झाल्यावर रीतीप्रमाणे मी गळती तपासायला तिथं पाणी भरून ठेवलं. खालच्या हॉलचा स्लॅब कोरडा ठणठणीत राहिला. ठेकेदारानं स्वतः हात लावून पाहिला आणि "एक नंबर" म्हणाला. मी सामान उचललं आणि दुसऱ्या साइटवर गेलो.

वास्तुशांती झाली आणि थोड्याच दिवसांत हॉलच्या नव्या कोऱ्या सीलिंगवर ओल उतरली. ठेकेदारानं मला बोलावून घेतलं. तो सोफ्यावर मालकाशेजारी बसला होता, मी उभा. माझ्याकडे बोट करून तो म्हणाला, "याचं काम आहे साहेब. मी याले सोडत नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तोंड उघडलं नाही. कायदा ना!

दुसऱ्या दिवशी मी टाइल्स फोडल्या. कोपऱ्यात माझा वॉटरप्रूफिंगचा थर चिरून स्लॅबला आरपार नवं भोक पाडलेलं होतं, त्यातून पाइप खाली सोडलेला आणि भोवती नुसतं सिमेंट थापलेलं. माझं तपासणीचं पाणी काढून झाल्यावर कोणीतरी बेसिनची जागा बदलली होती. प्लंबरला फोन केला, तर तो माझ्यावरच उखडला. "मले काहून बोलून राहिला गा? ठेकेदारानं सांगतलं, म्या पाडलं. तुले कळवाचं काम त्याचं."

मग मी कायदा मोडला. खाली गेलो. मालक पेपर वाचत होता.

"साहेब, जरा वर चला," मी म्हणालो. "माझं काम फुटलेलं नाही, फोडलेलं आहे. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

माणूस सभ्य, आवाजही चढवला नाही. "अहो, तुमचं आपसातलं मला कशाला सांगता? मी काही तुम्हाला काम दिलेलं नाही. माझा व्यवहार त्यांच्याशी. ते बघतील." आणि पेपर परत तोंडापुढे. त्याच्याच घरात मी गुडघ्यांवर बसून राबलो होतो. ठेकेदाराचाही मला इतका राग आला नव्हता, जितका त्या शांत आवाजाचा आला.

संध्याकाळी ठेकेदार आला. भोक पाहिलं, आश्चर्य वाटल्याचं नाटकसुद्धा केलं नाही.

"मालकाकडे गेलता म्हणे?"

"गेलो होतो. आता तुम्हीच सांगा त्याले, हे भोक कोणं पाडाले लावलं."

"बुजव," तो म्हणाला आणि जिना उतरला.

तसंच सोडून जायची फार इच्छा झाली. पण मग ओल राहिली असती, आणि माझ्याच नावावर राहिली असती. माझ्या बाजूचा एकमेव पुरावा मी माझ्या हातानं बुजवला, आणि चांगला बुजवला. पुन्हा पाणी भरलं, खाली थेंब आला नाही.

ठेकेदारांचे फोन हळूहळू बंद झाले. आता मी लोकांच्या दारी जाऊन गच्च्यांची किरकोळ कामं मागतो. मागे असंच एका घरी गेलो, तर त्या गृहस्थानं मला चहा दिला आणि धरमपेठेतल्या आपल्या मित्राच्या बंगल्याची गोष्ट सांगितली. तिथला ठेकेदार म्हणे एकदम खमक्या. गळती निघाली तर वॉटरप्रूफिंगवाल्याला कान धरून परत आणला आणि काम नीट करून घेतलं. "तसला वॉटरप्रूफिंगवाला नको बुवा आम्हाला," ते म्हणाले. मी म्हणालो, "बरोबर आहे साहेब," आणि गच्ची बघायला वर गेलो.