दार गेलं त्याची पोथी

आमचं कॉलेज पौडच्या पुढं, रस्त्याला लागून. मी बावधनहून स्कूटरवर येते आणि निम्मा राग भूगावच्या गर्दीतच सांडून येते. उरलेला निम्मा वर्गासाठी लागतो. शेवटच्या वर्षाला मी आधुनिक कादंबरीचा ऐच्छिक पेपर शिकवते. त्यात एक कादंबरी अशी आहे की भलेभले हात टेकतात. एका माणसाच्या घराचं दार एके सकाळी उठून निघून जातं. चोर नाही, वारा नाही, दार आपण होऊन जातं. पुढची सगळी पानं तो माणूस उघड्या चौकटीत बसून असतो, आणि आपण घरात आहोत की बाहेर हेच त्याला ठरवता येत नाही. मधेच त्याचं लहानपण येतं, मधेच अजून न उजाडलेला दिवस. माझा त्या पुस्तकावर फार जीव आहे.

यंदा वर्गानं सुरुवातीलाच बंड केलं. पुढारी होता मारुंजीचा एक मुलगा. सारखी बडबड, कानात कायम इअरफोन.

"मॅडम, ह्यात गोष्टच न्हाई," तो म्हणाला. "मी मोबाईलवर सारांश बघितला, तो पुस्तकाच्या वर हाय."

सूसच्या सोसायटीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, खूपच वियर्ड आहे हो. मला रात्री आमचा फ्लॅट दोनदा लॉक करावासा वाटला."

खरं तर ही दाद होती, पण ती तक्रारीच्या सुरात आली. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की जाहिरातलेखनाचा पेपर घ्यायचा. महिनाअखेरपर्यंत पेपर बदलता येत होता. सगळे गेले असते तर माझा पेपर बंद, आणि मी पहिल्या वर्षाला तक्रारअर्ज कसा लिहावा ते शिकवत बसले असते. माझं डोकं फिरलं. "जा, सगळे जा," म्हणून मी पुस्तक मिटलं.

तास संपल्यावर एक मुलगी मागं थांबली. इथून पुढं धरण आहे, त्याच्या वरच्या अंगाला धनगरांची वस्ती आहे, तिथली. वर्गात ती सहसा तोंड उघडत नसे.

"मॅडम, माझी अडचण झालीया," ती म्हणाली. "मी घरी मोठ्यानं वाचती. आईला वाचता येत न्हाई, ती ऐकती. मी अर्थ सांगती. पोथीवानी."

"मग?"

"आता पेपर बदलला तर पुस्तक परत द्यावं लागंल. आन आई म्हणती, लावलेली पोथी अर्धी सोडायची न्हाई. लई वंगाळ असतं."

मला हसू आलं आणि बरंही वाटलं. आई काय म्हणते दाराबद्दल, मी विचारलं. ती म्हणाली, "पयल्या दिवशी इचारलं, दार न्हाई तर मानूस शेरडं कुटं कोंडतो? आता दार कुटं गेलं आसंल त्येच्यावरनं आमच्या घरात रोज भांडणं."

इतकी वर्षं मी चर्चासत्रांना जाते. दाराची एवढी काळजी तिथं कुणी केल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाहीर केलं, महिनाअखेरपर्यंत पोथी. शेवटच्या दिवशी जिथं जायचं तिथं जा. नियम त्या मुलीनं सांगितले. पुस्तक उघड्या बाकावर ठेवायचं नाही, म्हणून तिनं ओढणीची घडी खाली घातली. एकानं वाचायचं, एकानं अर्थ सांगायचा, आणि मधे उठायचं नाही. वाचायला ती. अर्थ सांगायला मी मुद्दाम मारुंजीच्या पुढाऱ्याला बसवलं, जिरवावी म्हणून.

सुरुवातीला त्यानं मोबाईलवरचा सारांश ऐकवला. सूसची मुलगी म्हणाली, "हा अर्थ नाही, हे गाईड आहे." वर्ग खिदळला. मग एकदा त्या उघड्या चौकटीचं वर्णन चाललं होतं, आणि ह्यानं मोबाईल पालथा ठेवला. म्हणाला, "आमचं घर पाडून बिल्डिंग झाली. दार तेवढं आज्यानं ठेवलंय, टेरेसवर, टाकीला टेकवून. रोज आंघोळ झाली की त्याला हळदकुंकू लावतो. आमी हसतो त्याला." मग म्हणाला, "ह्यो मानूस म्हंजी आमचा आज्या हाय, मॅडम." त्यानंतर इअरफोन खिशात गेले. सारांशाचं कुणी नाव काढलं नाही. अर्थावरून मात्र सगळे माझ्याशी कडाकडा भांडू लागले, आणि मी मनापासून सुखी झाले.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. आज ऑफिसच्या खिडकीशी रांग लागणार, या धास्तीनं मी जिना चढले. वर्ग भरलेला होता, पण वाचन सुरू नव्हतं. बाकावर स्टीलचा डबा होता. समाप्तीचा शिरा, वाचणाऱ्या मुलीच्या आईनं पाठवलेला.

"अजून सुरुवात का नाही?" मी विचारलं.

"अर्थ सांगणारा आला न्हाई," मुलगी म्हणाली. "त्येच्याबिगर शेवटचा अध्याय लागत न्हाई."

तो ऑफिसातच गेला असणार, असं मला वाटलं आणि वाईट वाटलं. तेवढ्यात तो धापा टाकत आला. नांद्याच्या रस्त्यावर टेम्पो आडवा झाला होता म्हणे.

शेवटच्या पानावर दार परत येतं. चौकटीसमोर उभं राहतं आणि ठोठावतं. पुस्तक तिथंच संपतं. मुलीनं ते मिटून कपाळाला लावलं, आणि ते हातोहात सगळ्या बाकांवरून तसंच फिरलं.

तेवढ्यात शिपाईकाका डोकावले. "पेपर बदलायचा व्हता ना तुमाला? खिडकी बंद व्हतीया."

"बसा काका, समाप्ती हाय," म्हणत मुलीनं त्यांच्या हातावर शिरा ठेवला. त्यांनी तो भक्तिभावानं खाल्ला आणि विचारलं, "कंची पोथी लावली व्हती?" सगळे हसले. जागचं कुणी हललं नाही. मला एकदम भरून आलं, म्हणून मी डब्याचं झाकण शोधू लागले.

मुलगी मात्र अजून विचारात होती. "आई इचारंल, दार कुणी उघडलं. काय सांगू तिला?"

मी उत्तर जुळवत होते. त्याआधीच मारुंजीचा मुलगा शिऱ्याचा घास गिळून म्हणाला, "सांग, आमी उघडलं."