उतारा वाचणारा फोरमन

आमच्या टर्मिनलवरच्या चिनी फोरमनइतकं मन लावून इंग्रजी वाचणारा माणूस खुद्द इंग्लंडातही नसेल, आणि असलाच तर घरच्यांनी त्याला एव्हाना घराबाहेर काढलं असेल. मी इंग्रजी घेऊन बीए झालेला माणूस आहे. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडील मचव्यावर तांडेल, आजोबा तांडेल, त्यांच्या मागचे तर समुद्रातच जन्मल्यासारखे. कागदाशी संबंध आला तो मीठमासळी गुंडाळण्यापुरता. त्यामुळे इंग्रजीच्या बाबतीत मी उगाच कुणाला मान देत नाही. या माणसाला दिला, आणि तोही माझ्याकडून शिकायला आलेला असताना.

आखातात, फुजैराला, तेल साठवायच्या टाक्यांचं आमचं टर्मिनल आहे. तिथे मी परमिट ऑफिसात बसतो. टाकीत माणूस उतरवायचा असो की साधा नट ढिला करायचा असो, आधी माझ्या खिडकीतून परवानगीचा कागद न्यावा लागतो. ते परमिट. हा फोरमन ते नेणाऱ्यांपैकी एक. वय छप्पन्न, केस उभे, कमरेला गरम पाण्याची बाटली. मे महिन्यात सगळे बर्फ शोधत असतात तेव्हा हा वाफाळतं पाणी फुंकर मारून प्यायचा. टाकीच्या पत्र्यावर बोटांनी टकटक करून आत किती गाळ आहे ते सांगायचा आणि ते चार बोटांपलीकडे चुकायचं नाही. हिंदी तो साइटवर शिकला, बिहारी आणि कोकणी मजुरांकडून. त्यामुळे तिच्यात शिव्या अगदी योग्य जागी पडत. पण हिंदीची परीक्षा कुणी घेत नाही. कंपनीने नियम काढला की टाकीच्या कामावर सही करणाऱ्या प्रत्येकाने इंग्रजी वाचनाची परीक्षा पास व्हायची. तीन महिने मुदत. नापास झाला त्याचा करार संपला की खलास, घरी.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी तो आमच्या दारात उभा. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहायचा, पण घरी पहिल्यांदाच आलेला. हातात संत्र्यांची पिशवी. आत आला तो थेट टीव्हीवर लावलेल्या माझ्या डिग्रीच्या फ्रेमसमोर जाऊन उभा राहिला. बायको पाणी घेऊन आली, परत गेली, चहा घेऊन आली, तरी हा उभाच. विद्यापीठाच्या नावापासून खालच्या सहीपर्यंत एकेक शब्द बोट फिरवत वाचला. मग माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाला, "ये तुम? इतना बडा कागज, एक ही आदमी के लिए?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, शाळा सोडली तेव्हा अकरा वर्षांचा होतो, जहाजं तोडायच्या कामावर गेलो, आजवर माझ्या एकट्याच्या नावाचा कागद म्हणजे पासपोर्ट. "परीक्षा पास, तो कंपनी सर्टिफिकेट देता. फ्रेम मैं लाया." आणि खरोखरच त्याने फ्रेम आधीच घेऊन ठेवली होती. दुसऱ्या दिवसापासून मी 'मू लाओशी' झालो. माझं आडनाव मुकादम. त्यातलं त्याने सोयीचं तेवढं ठेवलं आणि पुढे त्यांच्याकडचा गुरुजी जोडला.

शिकवणं सोपं जाईल असं मला वाटलं होतं. व्याकरणात तो मला वकिलासारखा अडवायचा. क्रियापदं काळाप्रमाणे बदलतात हे त्याला पटेचना. "येस्टरडे बोला ना मैं? सबको मालूम, कल की बात. फिर 'गो' को क्यों तकलीफ?" 'द' कुठे लावायचं आणि कुठे नाही, हे विचारलं की मी कपाळाला आठ्या घालून खिडकीबाहेर बघायचो. मराठीत तरी कुठं आहे ते? मीही आयुष्यभर ते मिठासारखं चवीने टाकत आलोय. हे त्याच्या लक्षात आलं, पण त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. फक्त मी उत्तर दिलं की तो वहीत उत्तरापुढे बारीक पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून ठेवायचा आणि संध्याकाळी माझ्या मुलीला विचारून खोडायचा किंवा गडद करायचा. सना नऊ वर्षांची, आम्ही मराठीत बोललो तरी ती इंग्रजीत उत्तर देणारी. "बाबा इज राँग अगेन, अंकल," हे वाक्य त्या तीन महिन्यांत आमच्या घरात बांगेइतक्या नेमाने ऐकू आलं.

पण त्याचं खरं प्रेम उताऱ्यावर. कुणीतरी त्याला लहानपणी शिकवलं होतं की आधी प्रश्न वाचावेत, मग उताऱ्यात महत्त्वाच्या शब्दाला गोल करावा, आणि उत्तर त्या गोलातच सापडतं. मग जगात जे जे छापलेलं आहे ते ते त्याच्यासाठी उतारा झालं. लबनची, म्हणजे ताकाची, बाटली, आग विझवायचा सिलेंडर, माझ्या बायकोच्या डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट. सगळ्यावर पेन्सिलीचे गोल. कोपऱ्यावरच्या केरळी कॅफेटेरियात त्याने मेनूकार्डावर इतके गोल केले की मालकाला वाटलं हा तेवढे पदार्थ मागवतोय, आणि सात प्लेटा टेबलावर आल्या. त्याने मुकाट सगळ्या खाल्ल्या. कार्डवर लिहिलं होतं की ऑर्डर दिल्यावर रद्द होणार नाही, आणि त्या वाक्याला त्याने स्वतःच गोल केला होता.

कहर झाला तो लिफ्टमध्ये. आमच्या बिल्डिंगच्या नातूरने, म्हणजे वॉचमनने, एक नोटीस चिकटवली: कुणीतरी बाल्कनीतून मासळी धुतलेलं पाणी खाली गाड्यांवर फेकतं आहे, हे बंद करावं, नाहीतर कारवाई होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीसखाली पाच प्रश्न, सुबक अक्षरात, खाली उत्तरांना जागा. काय फेकलं जातं? कुठून? कोण फेकतं? लिहिणाऱ्याला काय हवं आहे? न ऐकल्यास काय होईल? संध्याकाळपर्यंत अर्ध्या बिल्डिंगने उत्तरं लिहिली होती. चौथ्या मजल्यावरची फिलिपिनो नर्स, तळमजल्यावरचा पेशावरी ड्रायव्हर, सगळ्यांनी. मी बीए, मी कसा मागे राहणार? रात्री आमच्या फोरमनने लाल पेनाने सगळ्यांचे पेपर तपासले. ड्रायव्हरला पाच पैकी पाच. मला तीन. दोन दिवस मी जिन्याने गेलो. तिसऱ्या प्रश्नाला मी लिहिलं होतं, 'कुणीतरी बेजबाबदार माणूस'. त्याने काट मारून लिहिलं, 'उताऱ्यात दिलेलं नाही'. मी भांडायला वर निघालो तर बायकोने शर्ट धरून मागे ओढलं. "अहो, गप बसा की! उताऱ्यात नाही दिलं तेच बरं आहे. बाल्कनीत बांगडे कोणी धुतले?"

एका ठिकाणी मात्र त्याची गाडी अडायची, आणि परीक्षेत नेमके तिथेच मार्क जास्त होते. जे लिहिलेलं नाही पण कळतं, असे प्रश्न. अमुक माणूस असं का वागला असेल? पुढे काय झालं असेल? असा प्रश्न आला की तो पेन्सिल खाली ठेवायचा. "वेअर इन पॅसेज? दिखाओ." मी म्हणायचो, अरे बाबा, नाही दिलेलं, अंदाज करायचा. "जो लिखा नहीं वो मैं कैसे बोलेगा? मैं उसका भाई है क्या?" मी माझ्या कॉलेजच्या गाईडमध्ये पाठ केलेलं सगळं सांगून पाहिलं. शेवटी माझ्या बायकोने हात पुसत पुसत तो प्रश्न सोडवला. गावी आईशी फोनवर बोलून ती नुकतीच उठली होती. "भाईजान, मेरी अम्मी बोली, सब ठीक है, तू फिकर मत कर. कितनी बार बोली? तीन बार. मतलब ठीक नहीं है. एक बार बोलती तो ठीक होता."  फोरमनने वही उघडली आणि चिनी अक्षरांत पानभर काहीतरी लिहिलं. मी इतके आठवडे शिकवलं त्याचं एवढं पान कधी भरलं नव्हतं. तेव्हापासून सरावाच्या पेपरात त्याला त्या प्रश्नांना निम्मे मार्क पडायला लागले, मग त्याहून जास्त. शेवटच्या आठवड्यातल्या तिन्ही पेपरांत तो पास होता. मी ऑफिसात सांगूनही टाकलं की इन्शाल्ला आमचा माणूस निघणार.

परीक्षा ट्रेनिंग रूममध्ये झाली. चार उतारे. पहिले तीन त्याने घासूनपुसून सोडवले. चौथा उतारा टाकी साफ करण्याविषयी होता. म्हणजे पोराला त्याच्या अंगणातला प्रश्न. तो कुणी, कुठून उचलून लिहिला होता देव जाणे. त्यात चार कामगार झाकण उघडतात, आत उतरतात, साफसफाई सुरू करतात, आणि मग एक जण हवेतला गॅस मोजतो, असं लिहिलं होतं. पहिला प्रश्न: कामगारांनी सर्वांत आधी काय केलं? उत्तर उताऱ्यात होतं, गोल करायला तयार होतं. सनानेही अर्ध्या मिनिटात लिहिलं असतं.

त्याने लिहिलं नाही. टाकीत उतरण्याआधी गॅस मोजायचा असतो. उलट केलं तर काय होतं हे आमच्याकडे झाडूवालाही जाणतो. काम चुकीचं चाललेलं दिसलं की फोरमन परमिटवर एक तिरपी रेघ मारतो, 'स्टॉप' लिहितो, वेळ घालतो आणि सही करतो. याने त्या उताऱ्यावर कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ मारली. स्टॉप. दहा वाजून चाळीस मिनिटं. सही. आणि पेपर देऊन बाहेर येऊन गरम पाणी पीत बसला.

पास व्हायला साठ लागत होते. चौपन्न मिळाले. त्या उताऱ्याला दहा होते.

मी साहेबाकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा वरच्या माणसाशी आवाज चढवून बोललो. म्हटलं, अहो, तुमचा उतारा चूक, माणूस बरोबर. साहेब वाईट नव्हता. त्याने शांतपणे सांगितलं, "मुकादम, तुम्ही स्वतः इंग्रजीचे ग्रॅज्युएट. ही परीक्षा वाचनाची आहे, सेफ्टीची नाही. उत्तर उताऱ्यातून द्यायचं असतं, एवढं शिकवलं नाही का तुम्ही?" शिकवलं होतं. रोज शिकवलं होतं.  पुन्हा बसायला सहा महिने थांबायचं होतं, आणि त्याचा करार संपायला सहा आठवडे होते.

संध्याकाळी मी त्याच्यावरच चिडलो. एकदा लिहून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? कागदावरची टाकी, कागदावरची माणसं! कुणी मरणार होतं का? तो बूट काढत होता. एक बूट हातात तसाच धरून म्हणाला, "मू लाओशी, चार आदमी अंदर गया. पूरा पॅसेज मैं तीन बार पढा. बाहर आया, ऐसा किधर भी लिखा नहीं." बूट खाली ठेवला. "पहले मैं बोलता, लिखा नहीं तो मालूम नहीं. भाभी ने सिखाया ना. अभी मालूम है." नंतर त्याने हळूच सांगितलं की जहाजं तोडायच्या यार्डात त्याचा थोरला भाऊ असाच एका टाकीत उतरला होता. आमची इतक्या वर्षांची ओळख, हे तो कधी बोलला नव्हता, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

तो गेला तेव्हा कंपनीची गाडी पहाटेच निघाली. बायकोने सुकटीची चटणी बांधून दिली. त्याने तीन वेळा नको म्हटलं, तिने चार वेळा दिली. दोघांच्याही रीती पाळल्या गेल्या. डोंगरातल्या रस्त्याला लागेपर्यंत गाडीचे दिवे बाल्कनीतून दिसत होते.

पुढे परीक्षेतून तो उतारा काढून टाकला, असं ऐकलं. कुणी मुद्दाम सांगितलं नाही. त्याच्या जागी नवा फोरमन आला. चांगला पोरगा, इंग्रजी फाडफाड. पण परमिट हातात घेतलं की खाली सही कुठे करायची तेवढी जागा बघतो आणि निघतो. म्हणून हल्ली मी कागद लगेच देत नाही. खिडकीत धरून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतो. कोण आत जाणार, कोण बाहेर थांबणार, गॅस कुणी मोजला, किती वाजता. सकाळच्या उन्हात रांग वाढते, मागून ओरडतात, "यल्ला, चलो मुकादमभाई, शाम तक पढोगे क्या?" परवा नवा फोरमनच हसत म्हणाला, "सर, तुम्ही तर बीए इंग्लिश ना? एका पानाला एवढा वेळ लागतो?"

"शिकतोय अजून," मी म्हटलं, आणि खालची ओळ वाचायला घेतली.