पावलांवरचा दिवा

माझा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर तोकडा. लहानपणच्या तापाने दिलेली देणगी, दुसरं काय! त्यामुळे पुण्याच्या स्थळाने मध्यस्थ काकांकडून निरोप धाडला, 'मुलीचा उभा फोटो हवा, पावलं दिसली पाहिजेत,' तेव्हाच मी ओळखलं, कुणीतरी त्यांचे कान फुंकलेत.

मी म्हटलं, "अप्पा, नको."

"गप बस. इतक्या लांबून विचारतायत हेच नशीब."

आमच्या राजाजीनगरातल्या स्टुडिओत मोठे दिवे दोनच. एक चेहऱ्यासाठी, एक खाली पावलांसाठी. उभ्या फोटोला कॅमेरा पार मागच्या भिंतीपर्यंत न्यावा लागतो, दिवेही लांब ठेवावे लागतात, मग उजेड पातळ होतो, असं कानडी स्टुडिओवाले अण्णा समजावत होते. तेवढ्यात दुष्काळात तेरावा महिना, एक दिवा फट्‌कन उडाला. नवा मिळणार दोन दिवसांनी. आणि उद्या अमावास्या! अमावास्या तोंडावर असताना शुभकार्य लांबवायला अप्पा तयार होतात कसले?

उरलेला एक दिवा हातात धरून अण्णांनी विचारलं, "कुठे लावू? चेहऱ्यावर की पावलांवर?"

विचारलं अप्पांना. मी तिथेच उभी होते, काजळ घालून, मोगरा माळून, आईची जांभळी रेशमी पट्टुसाडी नेसून. पण मला कोण विचारतो?

अप्पा म्हणाले, "पावलांवर. उद्या फसवलं म्हणायला नको."

माझा नुसता संताप झाला. पण बोलून करणार काय? घर त्यांचं, लग्न त्यांच्या डोक्यावरचं ओझं. आता पावलंच उजळायची म्हणून दिवा फोटोत येणार नाही इतपत जवळ, जमिनीलगत ठेवला, पावलं भाजायला लागली.

काळ्या कापडाखालून अण्णा म्हणाले, "अक्का, स्वल्प सरळ उभ्या राहा."

"मी सरळच उभी आहे," मी म्हटलं.

फोटो चांगला निघाला. दोन्ही पावलं, जोडवी नसलेली बोटं, टाच किती उचललीय तेसुद्धा स्वच्छ दिसत होतं. वर कमरेपासून अंधारत गेलेली कुणीतरी बाई.

थोड्या दिवसांनी मध्यस्थ काका फोटो परत घेऊन आले. चहा अर्धा पिऊन झाल्यावर म्हणाले, "पायाचं त्यांना एवढं काही नव्हतं हो. मुलगा तर म्हणाला, चालेल. पण बायका अडल्या. म्हणाल्या, चेहरा अंधारात का ठेवलाय? काहीतरी दडवतायत."

अप्पा घाईघाईने उठले, म्हणाले दुसरा काढू, आजच काढू. काकांनी मान हलवली. तिकडे दुसऱ्या मुलीशी सुपारी फुटली होती.

मी दाराआड उभी राहून ऐकत होते. माझ्यात धड म्हणावं असं काही असेल, तर तो चेहराच होता.