मुरुडच्या शाळेचं ओव्हरहेड

आमच्या मालकाच्या गोदामात दोनच गोष्टी साठत गेल्या: रिकामी खोकी आणि कमिटीचे किस्से. खोकी भंगारवाला घेऊन जातो. किस्से कुणी नेत नाही, ते माझ्यापाशीच पडून राहतात. चहाला बसलं की मित्र म्हणतात, "सांग की लेका ते प्रोजेक्टरचं." मी सांगतो, ते हसतात, आणि माझं डोकं नव्यानं तापतं.

आधी माझं सांगून टाकतो, नंतर कुणी विचारायला नको. नांदेडला बी.एस्सी.चं दुसरं वर्ष मी अर्ध्यात सोडलं आणि शाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात लागलो. काम एकच. ओव्हरहेड प्रोजेक्टरचं खोकं उचलायचं, गावोगावच्या शाळांत जायचं, मास्तर लोकांना चालवून दाखवायचं. वस्तू साधी आहे. एक पेटी, आत दिवा, वर काच. काचेवर पारदर्शक कागद ठेवून पेनानं लिहायचं. वर दांड्याला आरसा, तो तेच अक्षर मागच्या भिंतीवर हातभर मोठं करून टाकतो. मास्तरला पोरांकडं पाठ करावी लागत नाही. खडू लागत नाही. हे समजायला पदवीही लागत नाही, पुरावा म्हणून मी आहेच!

लातूर जिल्हा नवा झालेला. नवी ऑफिसं, नव्या पाट्या, नवे शिक्के. पाणी तेवढं कुठं नव्हतं. त्या दुष्काळात कुणाच्या तरी मनात आलं, एका शाळेला प्रोजेक्टर देऊन बघू. कोणता घ्यायचा आणि कुठल्या शाळेला द्यायचा, हे ठरवायला कमिटी बसली. अध्यक्ष तात्या, रिटायर्ड हेडमास्तर. आयुष्यभर शिकवलं म्हणायचे. शिकले कधी, ते कुणी विचारलं नाही.

खरं तर ते यंत्र एकाच माणसाला पाहिजे होतं. मुरुडच्या शाळेतल्या कांबळे बाई, गणिताच्या. खडूच्या धुळीनं त्यांना दम लागायचा. फळाभर गणित लिहिलं की उरलेला तास बोलता यायचं नाही. त्यांच्या हेडसरांनी सांगून टाकलं होतं, "फळ्यावर लिवता येत नसंल तर जूनपासून गणित काढून घेतो. शिवणाचा तास घ्या." ज्या बाईच्या वर्गात गणितात कुणी नापास होत नाही, तिला शिवण! मास्तरला दमा असता तर त्याला शिवण दिलं असतं का?

* * *

पहिल्यांदा लातूरला निघालो तेव्हा लोह्याच्या स्टँडवर कंडक्टरनं खोक्यावर हात ठेवला.

"ह्याच्यात काय हाय?"

"अक्षर मोठं करायची मशीन. शाळेसाठी."

"मंजे मागच्या बाकड्यावरच्या पोराला बी दिसंल?"

"हाव."

कंडक्टरनं खोक्यावर टिचकी मारली. मग म्हणाला, "आमच्या येळंला कुठं होती रं ही? मला फळा दिसंना म्हणून मास्तर मारायचा." आणि खोक्याचं अर्धं तिकीट फाडलं.

"अर्धं का?"

"शाळंला जायलंय नव्हं ते!"

कंडक्टरला एका थांब्यात कळलं. कमिटीचं ऐका आता.

* * *

लातूरला निवडीचा दिवस. तीन दुकानदारांची तीन यंत्रं टेबलावर मांडली. तात्या आले, हार झाला, चहा झाला, आणि लाईट गेली.

कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, उद्या बघू. तात्या म्हणाले, "आता जमलोच हाव तर खामोखा कशाला उठायचं?" आणि अंधाऱ्या खोलीत तीन बंद यंत्रं तपासायला लागले! एकेकाला कान लावला. एकेक उचलून पाहिलं. शेवटी आमच्या यंत्रावर बोट ठेवून म्हणाले, "हे घ्या. बिलकुल आवाज करत न्हाई."

मला राहवलं नाही. "तात्या, बंद वस्तू आवाज करतच नसते. चालू केलं की आमचंच सगळ्यात जास्त घरघरतं."

मालकानं टेबलाखालून माझा पाय तुडवला. तात्या चष्म्यावरून बघत म्हणाले, "तू किती शिकलास रे?"

"दुसऱ्या वर्षात सोडलं."

"तरीच!"

आणि ठरावात लिहिलं, यंत्र शांत स्वभावाचे आहे.

* * *

यंत्र ठरलं, आता शाळा. कमिटीबरोबर किल्लारीला गेलो तर तिथल्या वयस्क मास्तरांनी यंत्राच्या पंख्याची जाळी बघितली आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. धोतर जरा सैल केलं. मी भिंतीवर वर्तुळ काढून दाखवतोय, त्यांचं तिकडं लक्षच नाही.

"हवा गरमच यायलीय की!"

"सर, तो पंखा दिव्याला गार करतो."

"मंग मास्तरला कोण करणार?" असं म्हणून उठले, आणि तात्यांना म्हणाले, "अध्यक्षसाहेब, ह्यात पाणी टाकायची सोय न्हाई. कंपनीनं फसवलंय."

तात्यांनी हे लिहून घेतलं. लिहून घेतलं!

* * *

मग मुरुड. कांबळे बाईंनी सकाळपासून वर्ग झाडून ठेवला होता, खिडक्यांना सतरंज्या टांगल्या होत्या. मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही नका दाखवू. मीच लिहिते."

लिहायला लागल्या तर थांबेनात. त्रैराशिकाचं गणित, पोरांकडं तोंड करून, बोलत बोलत. मागच्या भिंतीवर एकेक आकडा वासराएवढा. एकदाही खोकल्या नाहीत. मी कितीतरी शाळांत हे यंत्र लावलं, पण त्याचा उपयोग काय ते त्या दिवशी मला कळलं.

तेवढ्यात बाहेर शिपाई ओरडला, "टँकर आला!"

त्या वर्षी या दोन शब्दांवर शाळा रिकामी व्हायची. पोरं दप्तरं टाकून घागरी घेऊन पळायची. पण त्या दिवशी एक पोर हललं नाही. गणित अर्ध्यावर होतं ना!

कमिटी पळाली. तात्यांनी स्वयंपाकाच्या खोलीतली शाळेचीच बादली उचलली आणि धोतर सावरत पुढं. मागोमाग दोन मेंबर, एकाच घागरीला दोघं धरून.

आठ दिवसांनी शेरा आला. "मुरुड येथील प्रात्यक्षिक कमिटीस पूर्ण पाहता आले नाही. सबब शाळा अपात्र."

बाईंनी कागद दोनदा वाचला. "दादा, बसले कोण आणि पळाले कोण? अपात्र कोण?" बाईंनी नवी दरखास्त लिहिली.

* * *

त्या दरखास्तीच्या फाइलवर क्लार्कनं नाव घातलं: मुरुड शाळा, ओव्हरहेड. दुष्काळाच्या वर्षात ओव्हरहेड म्हणजे पाण्याची टाकीच, मग फाइल जाणार कुठं? पाणीपुरवठ्याला!

तिकडून इंजिनिअर टेप घेऊन शाळेत हजर. मी त्या दिवशी पारदर्शक कागद द्यायला गेलो होतो.

"ओव्हरहेड कुठं बसवायचं, बाई?"

"सातवीच्या वर्गात."

"वर्गात?" इंजिनिअरनं छताकडं पाहिलं. "किती लिटर?"

"लिटर नाही हो. गणित."

तो बिचारा भिंती ठोकून, जमीन मापून निघून गेला. तात्यांना हा घोळ कळला तेव्हा त्यांनी तोड काढली, इंग्रजी नाव नको, मराठी घाला. फाइलवर नवं नाव आलं: शिरोपरि प्रक्षेपक. शिर म्हणजे डोकं, म्हणून फाइल गेली आरोग्याला! तिथून विचारणा आली, "शाळेत रुग्ण किती?"

फाइल फिरून कमिटीपुढं आली तेव्हा तिला इंजिनिअरचा कागद टाचलेला होता. "मुरुड शाळेत ओव्हरहेडसाठी जागा योग्य. पाया भक्कम." तात्यांनी तो मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "इतका अभ्यास करून दुसऱ्या एकाही शाळेनं अर्ज केला न्हाई. मंजूर!"

जी गोष्ट बाईंच्या गणितानं झाली नाही, ती पाण्याच्या टाकीनं झाली. हसू नका. मला अजून राग आहे.

* * *

यंत्र मुरुडला पोचलं आणि सरळ हेडसरांच्या कपाटात गेलं. "खराब झालं तर जबाबदार कोण?" चावी त्यांच्या करदोट्याला. बाई फळ्यावर, खडू हातात, दम छातीत. जून जवळ येत चाललेला.

मग तात्या तपासणीला आले. यंत्र वापरतात का, याची तपासणी नाही. नीट ठेवलंय का, याची. मला प्रमाणपत्र लिहून द्यायला बोलावलं. हेडसरांनी कपाट उघडलं, तात्यांनी काचेवरून बोट फिरवलं.

"वा! एक वरखडा न्हाई."

हेडसर फुलले. कपाट लावून सगळ्यांना सातवीच्या वर्गात घेऊन गेले आणि बाईंना म्हणाले, "तात्यांच्या समोर यंत्राचे नियम फळ्यावर लिवा. पहिला नियम, हेडसरांच्या परवानगीबिगर यंत्राला हात लावू नये." आणि खडू पुढं केला.

बाईंनी खडू घेतला नाही. पिशवीतनं स्वतःची पाण्याची बाटली काढली, झाकणात घोटभर पाणी ओतलं, त्यात बोट बुडवलं आणि फळ्यावर लिहायला लागल्या. काळ्या फळ्यावर ओली, ठसठशीत अक्षरं. पत्र्याखाली नुसती भट्टी पेटलेली. खालची ओळ लिहीपर्यंत वरची वाळून गेली.

तात्यांनी खिसे चाचपले, चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि फळ्याजवळ गेले.

"काय लिवलंय, बाई? मला तर काहीच दिसंना."

बाईंनी बोट पदराला पुसलं आणि हेडसरांपुढं हात पसरला.

"मोठं करून दाखवते की, तात्या. चावी द्या, सर."