बाहेर डोकावणारी सोळा पानं

कपाटाचं दार उघडलं आणि पुस्तकं दिसायच्या आधी वास आला, मोरचूद घातलेल्या खळीचा. खळ शिजवताना तिच्यात चिमूटभर निळा मोरचूद टाकला की पुस्तकाला कसर लागत नाही, हे मला अकराव्या वर्षापासून ठाऊक आहे. खाली सभागृहात शाळेच्या जुन्या मुलींचा मेळावा रंगला होता. माझ्या वयाच्या बाईने पहिल्या रांगेत शाल सावरत बसावं आणि वेळच्या वेळी टाळ्या वाजवाव्यात, अशी अपेक्षा असते. पण तिसरे पाहुणे उभे राहून घसा साफ करू लागले, तशी मी ‘आलेच’ म्हणून जी उठले ती जिना चढून थेट वाचनालयात. गुडघे कुरकुरले. त्यांना म्हटलं, गप्प बसा. मला एक पुस्तक शोधायचं होतं, आणि तेही नाव वाचून नव्हे, वरच्या कडांवरून बोट फिरवून. ते कसं, ते सांगते. पण त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर जळगावच्या एका ओट्यावर येऊन बसावं लागेल.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, महायुद्ध संपून त्याहून थोडी जास्त. आमच्या लेखी युद्ध म्हणजे मोठ्यांच्या गप्पांतली रेशनची रांग, भुसावळवरून गेलेल्या सैनिकांच्या गाड्या, आणि शेजारच्या नानांच्या खिडकीवर उरलेले काळ्या कागदाचे तुकडे. विमानांना उजेड दिसू नये म्हणून तो कागद लावलेला. जळगावच्या आभाळात शत्रूचं विमान काही आलं नाही, पण नानांनी हौसेने लावलेला कागद काढायचा मात्र कंटाळा केला होता. अशा आम्हा मुलींच्या हाती शाळेच्या वाचनालयातली ती कादंबरी पडली आणि सगळ्या वर्गाला युद्धाचं वेड लागलं.

काय कादंबरी होती हो ती! परक्या मुलखातलं नदीकाठचं शहर. शत्रूचा वेढा पडलेला, पूल उडालेला, वरून बर्फ. वर्गात उन्हाने पाठ भिजायची आणि पुस्तकातल्या थंडीने दात वाजायचे. त्या शहरात दोन जिवलग मित्र, एक पाववाल्याचा, एक मास्तरांचा. माणशी दिवसाला पावाचा एक तुकडा. एक दिवस गोदामातून अख्खा पाव नाहीसा होतो आणि आळ येतो म्हाताऱ्या पहारेकऱ्यावर. पाव उचललेला असतो पाववाल्याच्या मुलाने, आजारी बहिणीसाठी, आणि मास्तरांच्या मुलाने ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आता बोलावं तर मित्र जातो, गप्प बसावं तर म्हातारा जातो. आम्ही मधल्या सुट्टीत याच्यावरून भांडायचो, अबोले धरायचो. वर्गातल्या एकीचे वडील कापसाच्या जिनात मुकादम होते. रविवारी आम्ही जिनाच्या आवारात घुसून कापसाच्या ढिगांवर वेढा वेढा खेळायचो. बर्फाची सोय अशी आपसूक झाली होती. घरी गेल्यावर परकरातून सरकी झाडताना आईचा मार खायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा लढाईवर जायचं.

एकच प्रत, चाळीस मुली. वर्षभरात पुस्तकाचा पार चोथा झाला. पानांचे खालचे कोपरे अंगठ्यांनी खाल्ले आणि त्यांच्याबरोबर पानांचे आकडेही गेले. मग आमच्या वर्गाच्या बाईंनी ते बांधणीला पाठवलं माझ्या मैत्रिणीच्या वडिलांकडे.

त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. मुसलमान मोहल्ल्यात घर, घरापुढे ओटा, ओट्यावर पुस्तकं दाबून धरायचा शिकंजा, सुया, मेण लावलेला दोरा आणि खळीचं पातेलं. त्यांना उर्दू उत्तम यायची, मराठी बोलता यायची, पण वाचता येत नव्हती. तरुणपणी त्यांनी एक जाडजूड मराठी पुस्तक सवयीने उर्दूसारखं उलट्या बाजूने उघडणारं बांधून दिलं होतं, आणि ती गोष्ट अर्धं जळगाव अजून हसून सांगायचं. चाचांनी ती थट्टा मनाला लावून घेतली. मुलगी झाली तेव्हाच त्यांनी ठरवलं, हिला मराठी शाळेत घालायचं. घरात मराठी वाचणारं कोणीतरी हवं.

म्हणून माझी मैत्रीण माझ्या शेजारी बाकावर आली. आणि म्हणूनच, आकडे नसलेलं पुस्तक आलं की ती ओट्यावर मांडी घालून ‘जोड’ वाचायची. छापलेल्या एका मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. एका फर्म्याची शेवटची ओळ वाचायची, पुढच्याची पहिली ओळ वाचायची. अर्थ जुळला तर चाचा मान हलवून दोरा ओवायचे. त्यांचं सगळं काम त्या पोरीच्या जिभेवर उभं होतं. आणि त्यांचा एक नियम होता: दुसऱ्याच्या पुस्तकाचं पान ओट्याखाली उतरणार नाही.

आमची कादंबरी सुटी होऊन ओट्यावर पसरली, तेव्हा मी तिथे असणारच. जोड वाचता वाचता आम्ही दोघी शेवटून दुसऱ्या फर्म्याच्या तळाशी आलो. अधिकारी मास्तरांच्या मुलाला विचारतो, “पाव कोणी नेला, तुला माहीत आहे?” मुलगा मान वर करतो, आणि... फर्मा संपला! तेवढ्यात आमच्या घरून बोलावणं आलं. बाकी मुलींना थांबवेल, मला कसं थांबवेल? मी शेवटचा फर्मा उचलला आणि परकराच्या ओच्यात खोचला.

“अगं, पान बाहेर नेत नाहीत आमच्याकडे,” ती कुजबुजली.

“उद्या उजाडताच आणून देते. आईशप्पथ.”

ती गप्प राहिली. मैत्रीण होती ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याचा मामा दारात. मामीचं डोहाळजेवण, आईला आणि मला न्यायला आलेला. बस सुटायला तास होता आणि चाचांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. मला जाता आलं असतं. मी गेले नाही, कारण रात्री आईने दिवा मालवल्यामुळे माझी अजून बारा पानं राहिली होती. हे मी आजवर फार थोड्यांना सांगितलंय, तुम्हाला सांगून टाकते.

एरंडोल गेलं, पारोळं गेलं, मला काही दिसलं नाही. मी वेढा पडलेल्या शहरात होते. धुळ्याला पोचल्यावरही माडीवरच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसले. मामी पोट सावरत वर आली. “बठ्ठा जेवी उठनात व माय, तूच ऱ्हायनी. ते पुस्तक पोट भरी का?” सगळे जेवून उठले होते, मी तेवढी राहिले होते, तरी मानही वर केली नाही. मास्तरांचा मुलगा म्हणाला होता, “हो.” आणि सगळं सांगितलं होतं. म्हातारा सुटला. मित्राने पाठ फिरवली. वेढा उठला, उडालेल्या पुलाच्या दोन टोकांना दोघे येऊन उभे राहिले, मध्ये नदी, आणि तिथे कादंबरी संपली. दोघे पुन्हा बोलले की नाही, लेखकाने सांगितलंच नाही! मी रागाने फर्मा उशीखाली आपटला आणि लगेच पुन्हा काढून पहिल्यापासून वाचला. डोहाळजेवणात लोकं कोण आली, पानात काय वाढलं होतं, विचाराल तर सांगता यायचं नाही.

आठ दिवसांनी जळगावला परतून वर्गात पाऊल टाकते तर काय, बाईंच्या हातात आमची कादंबरी. नवा पुठ्ठा, पाठीला लाल कापड. आणि बाईंचा चेहरा तापलेला. “बघा मुलींनो! गोष्ट अर्ध्या वाक्यात तुटते. शेवटची पानं हरवली आणि तसंच बांधून दिलं. आता शाळेची पुस्तकं दुसरीकडे जातील.”

चाळीस मुली एकदमच हळहळल्या. शेवट गेला! मधल्या सुट्टीत जिकडेतिकडे नवे शेवट तयार होऊ लागले. एकीने म्हाताऱ्याला मारलं, एकीने शत्रूच्या सेनापतीला रडवलं, एकीने दोघा मित्रांना चक्क विमानात बसवून दिलं. आणि माझ्या पोटात खरा शेवट उड्या मारतोय, तोंडाला मात्र कुलूप. असे हाल वैऱ्याचेही होऊ नयेत.

माझी मैत्रीण पाण्याच्या टाकीपाशी एकटी उभी होती. मी म्हटलं, “मी आत्ता जाऊन बाईंना सांगते.”

“नको.” तिने माझं मनगट धरलं. “तू येशील म्हणून मी वाट पाहिली. अब्बांना त्याच दिवशी काम द्यायचं होतं. त्यांनी विचारलं, खतम? मी म्हणाले, खतम.”

“पण आता शाळेचं काम जातंय त्यांच्या हातून!”

“काम जाईल, दुसरं येईल. माझ्यावरचा भरवसा गेला तर मी कुठून आणू? त्यांना दुसरं कोण वाचून दाखवतं?”

दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. पुस्तकात हा पेच वाचताना किती मजा वाटली होती! तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं होतं, मी असते तर पहिल्याच पानावर खरं बोलून मोकळी झाले असते. आता फर्मा माझ्या दप्तरात आणि बोलायची पाळी माझी. बोलले तर ती बापाच्या नजरेतून उतरणार. नाही बोलले तर चाचांच्या हातावर कायमचा बट्टा, की या माणसाने शाळेची पानं हरवली. शेवटी मी एक अक्कलहुशारी लढवली. खरं सांगायचं, पण तिच्यापुरतं थोडं खोटं मिसळायचं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी ओट्यापुढे जाऊन उभी राहिले. चाचा पुठ्ठा कापत होते. मी फर्मा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि एका दमात म्हणाले, “चाचा, हा मी चोरून नेला होता. तुमचं लक्ष नसताना. हिला काहीच माहीत नव्हतं.”

चाचांचा हात थांबला. ते फर्म्याकडे पाहत राहिले. तेवढ्यात दाराचा पडदा सरकला आणि ती बाहेर आली. आवाज स्वच्छ होता.

“खोटं बोलतेय ती. मला माहीत होतं, अब्बा. माझ्यासमोर नेला. तुम्ही विचारलं तेव्हा पण माहीत होतं.”

आजही तो ओटा आठवला की अंगावर शहारा येतो. भीतीचा नाही हो, आनंदाचा! कादंबरीतल्या दोन्ही पोरांनी मिळून जे केलं नव्हतं, स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगणं, ते त्या अकरा वर्षांच्या पोरीने माझ्या डोळ्यांदेखत केलं होतं.

चाचा रागावले नाहीत. त्यांनी हात धुतले, टोपी नीट केली, फर्मा रुमालात गुंडाळला आणि शाळेकडे निघाले. मागोमाग आम्ही दोघी; बाई अजून वर्गातच होत्या. बाईंपुढे त्यांनी आमचं कोणाचंच नाव घेतलं नाही. “गलती आमच्या घरची आहे, बाई. किताब द्या, दुरुस्त करून देतो,” एवढंच म्हणाले. बाईंनी पुस्तक दिलं. दारात उभ्या असलेल्या आम्हा दोघींकडे त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं. मला वाटतं, त्यांना सगळं कळलं असावं. काम दुसरीकडे जाण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

ओट्यावर चाचांनी नवी बांधणी उसवली आणि मुलीला म्हणाले, “बैठ. जोड वाच.”

तिने वाचलं, “मुलाने मान वर केली आणि...” मग माझ्या फर्म्याची पहिली ओळ, “म्हणाला, हो.” पुढे तिला थांबवेना. चाचाही थांबवेनात. सोळाच्या सोळा पानं तिने मोठ्याने वाचून काढली. सुई हातात तशीच धरून चाचा ऐकत होते. पुलाची दोन टोकं आली, नदी आली, आणि ती गप्प झाली.

“खतम?” चाचांनी विचारलं.

मी तिथेच बसले होते, मलाही वाचता येत होतं. चाचा माझ्याकडे वळून विचारू शकले असते. ते वळले नाहीत.

“खतम, अब्बा,” ती म्हणाली.

चाचांनी मान हलवली आणि दोरा ओवला.

बाकीचं पुस्तक आधीच शिकंज्यात धरून तिन्ही कडांनी कापलेलं होतं. त्यामुळे शिवून झाल्यावर शेवटची सोळा पानं ज्वारीच्या दाण्याएवढी बाहेर राहिली. मी म्हटलं, “चाचा, तेवढं कापून टाका ना. सारखं दिसेल.”

“नको बेटा,” ते म्हणाले. “उशिरा आलं ना घरी? दिसू दे.”

शाळेत कोणालाही ते पुस्तक हातात घेतल्यावर ती बाहेर आलेली पानं आधी लागायची. मुली विचारायच्या, हे असं का? आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो.

तर त्या कपाटात मी बोट फिरवत होते. पहिला कप्पा, दुसरा कप्पा, तिसरा. लाल कापडाचा रंग केव्हाच उडून गेलेला. पण बोट अडखळलं, आणि एवढ्या वयात मी त्या रिकाम्या खोलीत अक्षरशः ओरडले. तेच पुस्तक! खिडकीपाशी नेऊन पाहिलं. बाहेर राहिलेली सोळा पानं काळपटली होती आणि पुष्कळशी झिजली होती. चाचांनी जे कापलं नाही ते सत्तर वर्षांत पोरींच्या अंगठ्यांनी हळूहळू कापत आणलं होतं. किती जणींनी तो शेवट वाचला असेल, आणि किती जणी त्या लेखकावर रागावल्या असतील!

मी तिथूनच तिला फोन लावला. ती भुसावळला असते, नातवंडांच्या वह्यांना अजून स्वतः खळ लावून कव्हरं घालते. खाली टाळ्यांचा कडकडाट चालला होता, म्हणून मी कपाटात डोकं घालून बोलत होते.

“सापडलं,” मी म्हटलं.

मग तिने विचारलं, “पानं अजून बाहेर आहेत?”

मी पुन्हा बोट फिरवून पाहिलं. “थोडीशी. डोळ्यांना दिसत नाहीत आता, हाताला लागतात.”

“मग असू दे तसंच,” ती म्हणाली. “कोणाला नीट करायला देऊ नकोस.”

मी पुस्तक होतं तिथे ठेवलं, कपाट लावलं आणि जिना उतरले. बोटाला खळीचा वास येत होता. घरी येईपर्यंत मी हात धुतला नाही.